एमआरआयमध्ये न दिसलेली गाठ

मी एक गाठ बोलतेय. हाडाची, मुगाच्या दाण्याहून लहान. कानाच्या आत खोलवर एक अरुंद बोगदा असतो. ऐकण्याच्या, तोल सांभाळण्याच्या आणि चेहरा हलवण्याच्या नसा त्यातूनच जातात. त्या बोगद्याच्या भिंतीवर मी उगवले. का, ते ठाऊक नाही. कुणी बोलावलं नव्हतं, एवढं नक्की.

जिच्या डोक्यात मी राहते, ती बापाबरोबर घरं रंगवते. मी वाढले तशी तिच्या डाव्या कानात शिट्टी वाजू लागली. मग शिडीवर भिंती फिरू लागल्या. एकदा ती डब्यासकट खाली आली. गिऱ्हाइकाच्या फरशीवर रंगच रंग.

बाप म्हणाला, "कामचोर झालीय नुसती." काका जेवता जेवता म्हणाला, "लग्नाचा विषय काढला की बरोबर चक्कर येते हिला!" सगळे खदाखदा हसले. मला लाजेनं विरघळून जावंसं वाटलं. पण हाड कुठलं विरघळतंय!

चक्कर थांबेना, तेव्हा एमआरआय झाला. रिपोर्ट स्वच्छ.

"मशीन खोटं बोलतं होय गं?" असं म्हणत बापानं तिला पुन्हा शिडीवर चढवलं. ती एका हातानं रंगवायची, दुसऱ्यानं शिडी आवळून धरायची.

शेवटी ती एकटीच कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. तपासणी करून त्या म्हणाल्या, "डाव्या कानाला खरंच कमी ऐकू येतंय. एमआरआयमध्ये घट्ट हाड काळंच दिसतं, लहानशी गाठ त्यात लपून जाते. सीटी स्कॅन काढू."

सीटीत मी पांढरीफेक. पकडली गेले आणि सुटल्यासारखं वाटलं.

या वेळी बापही बरोबर आला. फोटो बघून त्याचं तोंड उतरलं. "आजच काढून टाका!"

"कॅन्सर नाही हा," बाई म्हणाल्या. "काढताना उरलीसुरली ऐकण्याची शक्तीही जाऊ शकते, चेहऱ्याच्या नसेला धोका असतो. ही फार हळू वाढते. तपासत राहू. त्रास वाढला तर ऑपरेशन करू. शिडी मात्र बंद."

"मग थांबू," ती म्हणाली. बाप तोंड उघडणार तोच म्हणाली, "बाबा, कान माझा आहे."

आता खालच्या भिंती ती रंगवते, वरच्या बाप. शेजाऱ्यांना सांगतो, "मला आधीपासूनच शंका होती." माफी? छे! मोठ्यांची जीभ तिकडे वळतच नाही.

मी उगवले याची लाज आहेच. पण तिचं बोलणं खरं ठरायला माझा फोटो लागला, याची जास्त आहे. वाढणं न वाढणं माझ्या हातात नाही. वाढलेच तर खुशाल कापा, माझी तक्रार नाही. तोवर तिला गरगरलं, तर आधी तिला धरा. फोटो मागाहून बघा.