मुंबईला गेलेला देव

"वीरसिंगभाऊ, बरं शे ना? कवयनं एकच पान लिसन बठेल शेतस."

गायत्री मॅडमनी दुसऱ्यांदा विचारले तेव्हा कुठे वीरसिंगने मान वर केली. बोट मात्र केव्हापासून उघडलेल्या त्याच पानावर होते. शहाद्याच्या त्या वाचनालयात तो सत्तावीस वर्षे शिपाई होता. पुस्तके कपाटात लावायची, वर्तमानपत्रांच्या फायली बांधायच्या, दुपारी बाकावर घोरणाऱ्याला हलकेच उठवायचे, एवढे त्याचे काम. इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

गायत्री मॅडम कॉलेजात इतिहास शिकवत. जुन्या मुंबईतल्या देवाधर्मावर त्या काही लिहीत होत्या, आणि त्यासाठी महिनाभर इथल्या जुन्या फायली उपसत होत्या. कुण्या कापूस व्यापाऱ्याच्या माळ्यावरून आलेले ते मुंबईचे वर्तमानपत्र. सणावाराची, देवळाची, पिराची बातमी दिसेल तिथे चिठ्ठी घालायचे काम त्यांनी वीरसिंगला दिले होते. तो मन लावून वाचत होता. भुलेश्वरला कीर्तन, माहीमचा उरूस, वांद्र्याची जत्रा, गणपतीच्या मेळ्यांची भांडणे, अग्यारीला नवे दार. मुंबईत माणसांपेक्षा देवांचीच वर्दळ जास्त, असे त्याला वाटू लागले होते. त्या वर्दळीत आपल्या डोंगरातला देव भेटेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते.

१९३६ सालच्या फायलीत छापले होते:

"सर्वधर्मप्रदर्शनांत सातपुड्यांतील रानटी लोकांचा एक मगरदेव दाखल झाला आहे. अखंड सागाचें हें दैवत नर्मदाकांठच्या भिल्लांचें असून, गांवचा कारभारी दामजा यानें तें स्वखुशीनें दिलें."

पाड्याचे नाव दिलेले नव्हते. पण दामजा म्हणजे वीरसिंगच्याच पाड्याचा जुना कारभारी. बारा दिवसांनंतरच्या अंकात:

"मगरदेवापुढें रुमाल्या नांवाचा एक म्हातारा भिल्ल येऊन बसला आहे. आपण पुजारी आहों, देव परत द्या, एवढेंच तो म्हणतो. तुंब्यांतील मोहाच्या दारूचे चार थेंब रोज देवापुढें शिंपडतो. हल्लीं देवापेक्षां त्यालाच पाहण्यास गर्दी होते."

आणि महिन्याभराने, आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली चार ओळी:

"प्रदर्शन आटोपून सामान बोटीनें विलायतेस रवाना झालें. मोकळ्या जागेपुढें बसून राहिलेला तो वेडगळ भिल्ल काल सकाळीं मृत आढळला. वारस कोणी नाहीं."

"मन्हा बापना आजा शे हाऊ, म्याडम," रुमाल्याच्या नावावर बोट ठेवून वीरसिंग म्हणाला. मग थांबून म्हणाला, "वारस आमी शेतस ना."

गायत्री मॅडमनी ती तिन्ही पाने वाचली. पानांचे फोटो काढून, एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून प्रती त्यांनी स्वतः छापून आणून दिल्या.

वीरसिंगचा पाडा मणिबेलीच्या पलीकडे, नर्मदेच्या काठावर होता. तो धरणाच्या पाण्याखाली गेला, माणसे इकडे सपाटीवरच्या वसाहतीत आली. घरांचे वासे होडीतून आले, कोंबड्या आल्या, दळायची जाती आली. आणि त्यांच्याबरोबर एक शब्दही आला: देवविके. रुमाल्या पुजाऱ्याने गावाचा मगरदेव मुंबईला नेऊन विकला, आलेल्या पैशावर तिथेच मजेत राहिला, परत तोंड दाखवले नाही, असे गाव म्हणत आले होते. तीन पिढ्यांत त्या घराकडे पूजा आली नाही. नवे धान्य देवाला दाखवताना त्या घराचा माणूस मागे उभा राहायचा. धरणाचे पाणी चढले तेव्हाही म्हातारे म्हणाले, मगरदेव असता तर नदी अशी उलटली नसती. गेल्या उन्हाळ्यात वीरसिंगच्या लेकीला, आशाला पाहून गेलेले लोक वसाहतीत चार घरी बसले, चहा प्याले, आणि पुन्हा आले नाहीत. आशाने कारण विचारले नाही. तिला ठाऊक होते.

शनिवारी संध्याकाळी तो घरी गेला. बाप अंगणात दोर वळत होता. फुलसिंग आता अठ्ठ्याहत्तरचा, डोळ्यांना धूसर दिसे. वीरसिंगने बातम्या आधी मराठीत वाचल्या आणि मग एकेक ओळ घरच्या बोलीत सांगितली. 'वेडगळ' या शब्दाशी तो अडला.

"काय लिहिलंय ते सांग," बाप म्हणाला.

"येडा, असं लिहिलंय."

फुलसिंगच्या हातातला दोर थांबला.

"रोज मोहाची धार दिली त्याने देवाला?"

"रोज."

"आणि देव हलवल्यावर?"

"तिथंच बसून राहिला, बा. तिथंच गेला."

"मातीला कुणी होतं का, लिहिलंय?"

"नाही."

म्हाताऱ्याने तोंड फिरवले. त्याच्या पाठीचा कणा सदऱ्यातून हलताना वीरसिंगला दिसत होता. वीरसिंगने तिन्ही कागद एकावर एक रचले. "उद्या पंचांसमोर वाचतो," तो म्हणाला. "आणि दामजाची ओळ दोनदा वाचतो. देव दिला त्यांनी, आणि नाक कापलं आपलं! कारभारी म्हणून मिरवतात अजून." आशा चुलीपाशी बसून ऐकत होती. फुलसिंग पुन्हा दोर वळू लागला.

रविवारी सकाळी चिंचेखाली माणसे जमली. मधोमध घोंगडीवर कारभारी उदेसिंग बसला होता. दामजाचा नातू. वयाने फुलसिंगएवढाच, शब्दाचा पक्का माणूस. धरणाच्या दिवसांत पोलिसांच्या लाठ्या त्याने सगळ्यांत पुढे उभे राहून खाल्ल्या होत्या. गाव सोडताना स्वतःच्या घराचे दार मागे ठेवून दामजाच्या आठवणीचा कोरीव खांब त्याने होडीत घातला होता. तो खांब त्याच्या पाठीमागेच रोवलेला होता. सणाला सगळी वसाहत त्या खांबापुढे मोहाची धार सोडायची.

"कागद आणलाय म्हणे," उदेसिंग म्हणाला. "वाच. पण सांगून ठेवतो वीरसिंग, कागदावर माझा लई भरवसा नाही. धरणाच्या वेळी आपल्या पाड्यात कुणीच राहत नाही, असंही सरकारी कागदातच लिहिलं होतं."

दोनचार जण हसले. वीरसिंग उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसे त्याचे ऐकत होती. पहिली बातमी बाजूला ठेवून त्याने आधी रुमाल्याची वाचली. देवापुढे बसलेला म्हातारा, तुंबा, चार थेंब, बघ्यांची गर्दी. मग शेवटची. प्रत्येक ओळ त्याने बोलीतही सांगितली. बाया कुजबुजायच्या थांबल्या. एक म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे तो देवामागे गेला. आणि आपण…"

"आता देव कुठाय?" कुणीतरी विचारले.

"बोटीत घातला. समुद्रापार. पुढचं लिहिलेलं नाही."

उदेसिंगने पागोटे काढून मांडीवर ठेवले. तो अस्वस्थ झाला होता. "पण एक कळत नाही," तो म्हणाला. "रुमाल्या देव आणायला गेला, हे मानलं. मग देव गेला कसा? अख्ख्या सागाचा देव, चार माणसांशिवाय हलायचा नाही. कुणीतरी दिला असेल. कोण होता तो? त्याचं नाव आहे का कागदात?"

त्याने अगदी सरळपणे विचारले होते. वीरसिंगने पहिल्या बातमीचा कागद वर घेतला. रात्रभर तो याच क्षणाची वाट पाहत होता. "आहे," तो म्हणाला. "नाव आहे. गावचा…"

"कागद तिथं फाटलाय."

सगळ्यांनी वळून पाहिले. फुलसिंग काठीवर भार देऊन गर्दीच्या मागून पुढे येत होता.

"बा!"

"फाटलाय तिथं," फुलसिंग पुन्हा म्हणाला, या वेळी लेकाच्या अगदी जवळ येऊन. आणि मग फक्त त्यालाच ऐकू जाईल असे, "उदेसिंगच्या घरातही लगीनवयाच्या पोरी आहेत."

ऐंशीहून अधिक वर्षांची गोष्ट वीरसिंगच्या जिभेवर होती, एका नावाएवढी. त्याने बापाकडे पाहिले. उन्हात धूसर डोळे बारीक करून म्हातारा त्याच्याकडेच बघत होता, काही मागत असल्यासारखा. बापाने आजवर त्याच्याकडे काही मागितल्याचे त्याला आठवेना.

"हां," वीरसिंग म्हणाला. "पुढचं नाव वाचता येत नाही."

"बघू," उदेसिंगने हात पुढे केला.

देण्यावाचून इलाज नव्हता. उदेसिंगला अक्षरओळख नव्हती, पण फाटका कागद ओळखायला अक्षर लागत नाही. त्याने कागद गुडघ्यावर पसरला. वरपासून खालपर्यंत सावकाश अंगठा फिरवला. कागद पांढरा, गुळगुळीत, चारी कोपऱ्यांनी शाबूत होता. त्याचा अंगठा मध्येच थांबला. तो मागे वळला नाही. पण पाठीमागच्या खांबाची सावली घोंगडीवर पडली होती, तिच्याकडे तो बघत राहिला. मग त्याने मान वर करून फुलसिंगकडे पाहिले. दोघे लहानपणी एकाच नदीत पोहायला शिकले होते.

"फाटलाय खरा," उदेसिंग म्हणाला.

त्याने कागदाच्या चार घड्या केल्या आणि दोन्ही हातांनी तो फुलसिंगला दिला. मग गुडघ्यांवर हात टेकत तो घोंगडीच्या मधून उठला आणि कडेला, मातीवर जाऊन बसला.

मधली जागा फुलसिंगसमोर मोकळी राहिली. फुलसिंग काठी धरून तसाच उभा होता. आशाने पुढे होऊन घोंगडीकडे न्यायला त्याचा हात धरला, तेव्हाही तो लगेच बसला नाही.