झाडं बसली होती

त्या सकाळी नवशीने लेकीला एक स्वप्न सांगितलं. जानेवारीचे दिवस. समुद्राकडून आलेलं धुकं बोर्डीच्या रस्त्यांवर अजून रेंगाळत होतं. निर्मला शाळेच्या वाचनालयाचं कुलूप काढत होती, तेवढ्यात झरीहून मजूर बायांना चिकूच्या वाडीत नेणारा टेम्पो फाटकाशी थांबला. नवशी उतरली, पदरातला चिकू लेकीच्या हातात ठेवला आणि पायरीवर टेकली.

"सपनात तात्यांच्या वाडीतली झाडं बसली होती," ती म्हणाली. "मांडी घालून, पंगतीला बसावीत तशी. फळं आमच्या गुडघ्याला लागत होती. आणि तात्या आपले काठी घेऊन हिंडतायत, पुसतायत, वरच्या कामाची मजुरी आता द्यायची कुणाला?"

निर्मलाला हसू आलं. वाडीचे मालक तात्या; त्यांच्याकडे पुरुष झाडावर चढून जाळी बांधलेल्या लांब काठीने चिकू उतरवत. बाया ते गोळा करत, धुवत, निवडत, खोक्यांत भरत. उजाडताच सगळ्यांचं काम सोबत सुरू होई आणि सोबतच संपे. मजुरी मात्र बायांना कमी, कारण त्यांचे पाय जमिनीवर. एवढ्या एका कारणाशी नवशी अर्धं आयुष्य भांडत आली होती. मजूर बायांची युनियन तिने तलासरीच्या पाड्यापाड्यांतून हिंडून उभी केली होती. सभेत ती पुढे उभी राहून हाक द्यायची, "काम सारखं!" आणि बाया उत्तर द्यायच्या, "मजुरी सारखी!"

निर्मला लहानपणी त्या सभांत आईच्या मांडीवर झोपली होती, डहाणू रोडच्या मोर्चात तिचं बोट धरून चालली होती. पण हाकेला तिचे ओठ कधी हलले नाहीत. चारचौघांत आवाज चढवणं तिला जमतच नसे. बाया चिडवायच्या, तेव्हा नवशी म्हणायची, "तिचं तोंड पुस्तकात खूण म्हणून ठेवलंय. काढलं तर पान हरवेल."

"परवा तात्या बोलणी करणार आहेत," पायरीवरून उठताना ती म्हणाली. "तू ये. ओरडू नको. मागे नुसती उभी राहा."

"बघते, आये."

नवशी निघाली. धुक्यात आधी तिची पावलं दिसेनाशी झाली, मग लुगडं, आणि सगळ्यात शेवटी टेम्पोतल्या बायांशी चाललेलं तिचं हसणं.

दुसऱ्या पहाटे ती चुलीपाशी बसल्या बसल्याच गेली.

पाड्यातल्या बायांनी ठरवलं, नवशीबायचा दिवस, मरणानंतरचा विधी, होईपर्यंत वाडीत जायचं नाही. बोलणी पुढे ढकलली गेली. तात्यांनी माणुसकीने नारळ पाठवले, आणि फळं झाडावर थांबत नाहीत म्हणून सगळं काम पुरुषांवर सोपवलं. नवशीचा भाऊ लक्ष्या काठी चालवण्यात त्या पट्ट्यात पहिला. त्याने फळं उतरवली आणि भरलीही. पण बाया प्रत्येक चिकू नखाने हलकेच ओरखडून बघत, आत हिरवं दिसलं की बाजूला काढत, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं. खोकी बाजारातून परत आली. निम्मी फळं दगडासारखी, निम्मी एकमेकांच्या अंगावर सडलेली.

दिवसाच्या विधीला भोपळ्याची घांगळी वाजत असताना लक्ष्याने हे निर्मलाच्या कानाशी सांगितलं आणि म्हणाला, "तुझी आई वरून मला हसत असेल बघ."

वाचनालयाच्या टेबलावर तो चिकू तसाच होता. निर्मलाने तो खाल्ला नाही आणि टाकलाही नाही. त्याचा गोड, जडसर वास पुस्तकांत उतरत गेला होता. पान उलटलं की आई शेजारून गेल्यासारखी वाटे.

पुढे ढकललेली बोलणी ठरली त्या सकाळी ती वाडीत गेली आणि आईने सांगितलं होतं तशी मागे उभी राहिली. धुकं दाट होतं. पुढे बाया उभ्या होत्या, पण अगदी पहिल्या रांगेत, मधोमध, एका माणसाची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. तात्या मऊ आवाजात बोलले. बाया काय करतात ते त्यांना या दिवसांत कळलं होतं, ते थोडी वाढ देतील, पण सारखी नाही. पुरुषांचं मन राखायला हवं. कुणाची हरकत नसेल तर बायांनी आत्ताच कामाला लागावं.

सगळ्यांत मोठ्या आवाजाची शुक्री तोंड उघडून तशीच थांबली. तिला उत्तर पाठ होतं, पण हाक आल्याशिवाय ते बाहेर येईना. तात्यांनी मान हलवली, जमलं म्हणून ते वळू लागले.

निर्मलाने वर पाहिलं. धुक्याने सगळे बुंधे पुसून टाकले होते. पसरलेले हिरवे घेर तेवढे जमिनीला टेकलेले, ओळीने, शांत. झाडं बसली होती. कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी.

ती चालू लागली तशा बाया बाजूला सरकत गेल्या. मोकळ्या जागेशी येऊन ती थांबली. पायांखालची माती दवाने ओली होती. तिने श्वास घेतला, त्यात पिकल्या चिकूचा वास होता, आणि कधी नव्हे तो आवाज चढवून ती म्हणाली,

"काम सारखं!"