हॅगडाऊनचा थांबा

इंजिन बंद पडलं आणि ग्रेव्हल कोव्हच्या धक्क्यावर एवढी शांतता पसरली, की धक्क्यालगत राहणारे लेव्हीकाका जेवणाची थाळी हातात घेऊनच घराबाहेर आले. सहा वर्षांत सेल्बी राइडआउटची टपालबोट या धक्क्याला लागून कधी गप्प बसली नव्हती.

"मेलं का?" त्यांनी विचारलं.

सेल्बी तोवर सुरी काढत होता. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात कुणाच्या तरी जाळ्याचा दोर अडकला होता. बोटीच्या मागच्या टोकावर पालथा पडून, कोपरापर्यंत हात गारठवून त्याने तो कापून काढला आणि किल्ली फिरवली. स्टार्टर जोमाने फिरला, इंजिनाने मात्र दाद दिली नाही.

सेल्बीच्या बोटीचं हे दुखणं सगळ्या उपसागराला माहीत होतं. सकाळी गार असताना इंजिन पहिल्या हाकेला ओ द्यायचं. एकदा तापल्यावर बंद केलं, की पुरते तीन तास रुसायचं. म्हणून सेल्बी सकाळी सहाला ते सुरू करायचा ते थेट संध्याकाळी बंद करायचा. पाच बेटं, तीसेक घरं. धक्क्याला लागायचं, थैली टाकायची, थैली उचलायची, निघायचं. लोक म्हणायचे, सेल्बीला एवढी घाई कसली, घरी वाट बघणारं आहे तरी कोण? तेही खरंच होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या सेल्बीने लग्न केलं नव्हतं.

मिस्त्र्यांनी बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, वायरी बदलल्या. पण रोग्याने डॉक्टरसमोर ठणठणीत दिसावं तसं ते इंजिन वर्कशॉपमध्ये गार होऊन शहाण्यासारखं वागायचं. शेवटी सेल्बीने नाद सोडला होता.

पण आजचा दिवस तसा नव्हता. शेवटचा थांबा हॅगडाऊन बेटाचा, आणि तिथे आता एकच घर नांदतं होतं, ड्रुसिला हाइन्सचं. ती सेल्बीच्या वर्गातली, नऊ वर्षांपूर्वी नवरा गेलेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती धक्क्यावर उभी राहायची आणि इंजिनाच्या धडधडाटावर आवाज चढवून म्हणायची, "चहा घेऊन जा." सेल्बी इंजिनाकडे बोट दाखवून मान हलवायचा. तिला काय समजायचं कोण जाणे. ती हात हलवायची आणि घराकडे वळायची. आज दोन वाजता तिचा भाचा बोट घेऊन येणार होता. मुलीकडे सेंट जॉन्स शहरात ती कायमची निघाली होती. काल सेल्बीने केस कापून घेतले होते आणि आज ती जाण्याआधी काहीतरी बोलायचंच, असं ठरवलं होतं.

आत्ता अकरा वाजले होते. तीन तास इंजिन गार होण्याचे, अर्धा तास वाटेचा. हिशेब कसाही केला तरी हॅगडाऊनला पोचेपर्यंत घराला कुलूप लागलेलं असणार होतं.

त्याने इंजिनावरची पेटी उघडली आणि बाह्या सरसावल्या. हवेचा मार्ग मोकळा होता. टाकीतून पंपापर्यंत डिझेल व्यवस्थित येत होतं. मग त्याने पंपातून इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीचं नट सैल केलं आणि लेव्हीकाकांना किल्ली फिरवायला सांगितलं. गेल्या महिन्यात गार इंजिनावर त्याने हेच करून पाहिलं होतं, तेव्हा चिळकांडी तोंडावर उडाली होती. आज डिझेल नुसतं पाझरत होतं.

म्हणजे पंपापर्यंत सगळं ठीक आणि पंपापुढे जोर नाही. एवढं कळलं, पण गार असताना जो पंप जोर लावतो तो तापला की का हरतो, हे काही केल्या उलगडेना. घड्याळात साडेअकरा झाले.

लेव्हीकाका धक्क्यावर बसून तळलेल्या पोळीवर काकवी ओतत होते. एकदम ते करवादले. बाटली त्यांच्या विजारीवर गळली होती.

"झाकण झिजलंय मेलं," ते म्हणाले. "घरात गारव्याला असते तोवर थेंब सांडत नाही. जरा उन्हात आणली की पातळ होते आणि पळते."

सेल्बीचा पाना हातातच राहिला. त्याने बाटलीकडे पाहिलं, मग पंपाला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. पंप आतून झिजलेला. गार डिझेल घट्ट, ते कसंबसं धरून ठेवत असणार. तापलेलं पातळ, ते आतल्या आतच निसटत असणार. सहा वर्षं! सहा वर्षं तो वायरी बदलत बसला होता.

"काका, पाणी!" तो ओरडला. "तुमच्या पिंपातलं, एकदम गार!"

काकांनी ऐंशीव्या वर्षी बादली घेऊन धावावं असं त्या धक्क्याने कधी पाहिलं नव्हतं. सेल्बीने पंपावर फडकं गुंडाळलं, नट आवळलं आणि वरून सावकाश पाणी धरलं. वाफ निघाली. दुसरी बादली, तिसरी. चौथ्या बादलीला वाफ यायची थांबली. त्याने किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन एकदा खोकललं आणि काळा धूर सोडून धडधडायला लागलं.

सेल्बी हसत सुटला. काकांनी रिकामी बादली डोक्यावर घालून दोन पावलं नाच केला.

"पळ आता," ते म्हणाले. "चहा गार होईल तिकडे. आम्हाला काही कळत नाही असं समजू नकोस."

सेल्बीने बोट अशी हाकली की टपालाच्या थैल्या या कडेवरून त्या कडेला घरंगळल्या. साडेबाराला हॅगडाऊनचा धक्का आला. ड्रुसिला नेहमीच्या जागी उभी होती, अंगात बाहेरगावचा कोट. सेल्बीने दोर बांधला. किल्लीवर हात ठेवला. काकवीचा अंदाज चुकला असेल तर भाच्यासमोर इथे अडकून पडायचं आणि उपसागरभर हसं करून घ्यायचं. त्याने किल्ली फिरवली.

लाटांचा आवाज ऐकू यायला लागला.

"बिघडली का रे?" ड्रुसिलाने घाबरून विचारलं.

"नाही," सेल्बी म्हणाला. "बंद केली."

घरात खोकी बांधून ठेवलेली होती. उरली होती ती एक निळी केटली आणि दोन कप. चहा झाला. खिडकीला पडदे नव्हते, त्यामुळे समुद्र फार जवळ वाटत होता. सेल्बीने पंपाची सगळी हकिगत सांगितली, काकवीसकट. तिने मन लावून ऐकली.

"मला वाटायचं, तुला माझ्या घरात पाऊलच टाकायचं नाहीये," ती म्हणाली.

"यायचं होतं. दर वेळी यायचं होतं."

"मग सांगायचंस."

"त्या आवाजात काय सांगणार? आणि आवाज नसता तर माझी जीभ उचलली असती की नाही, तेही ठाऊक नाही."

ती हसली आणि तिने त्याचा कप पुन्हा भरला. दोनाच्या आधी त्यांनी शाळेतल्या सगळ्या मास्तरांच्या नकला करून घेतल्या. भाच्याच्या बोटीचा आवाज आल्यावर तिने दोन्ही कप विसळून खोक्यात ठेवले.

निघताना तिने केटली विहिरीच्या पाण्याने भरली आणि आपल्या हाताने पंपावर ओतली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. केटली तिने त्याच्या हातात दिली. मुलीकडे विजेची आहे, म्हणाली. यापुढचं जे काही ती बोलली ते सेल्बीला ऐकू आलं नाही, कारण इंजिन चालू होतं.

पुढे महिन्याभरात मिस्त्री नवा पंप घेऊन आला. सेल्बीने तो बसवू दिला नाही. पाण्याने काम भागतंय, म्हणाला.

हॅगडाऊनला आता टपाल नसतं. तरीही मंगळवारी आणि शुक्रवारी टपालबोट तिथल्या धक्क्याला लागते आणि इंजिन बंद होतं. सेल्बी पायरीवर बसून थर्मासमधला चहा पितो. दोन कप होतील एवढा वेळ झाला की उठतो, विहिरीवर जाऊन निळी केटली भरतो आणि सांडू नये म्हणून सावकाश चालत बोटीकडे येतो.