खाली खडक लागतो

मॅलकीने फावड्यावर पाय दिला आणि गवताची पहिली ढेप उचकटून बाजूला टाकली. सोमवारी कबर खणायला घ्यायची नाही, असा इकडचा नेम. सोमवारीच माणूस पुरायचा असला, तर रविवारी एक ढेप कापून ठेवायची, म्हणजे काम रविवारी सुरू झालं असं धरतात. मरण काही वार बघून येत नाही, तेव्हा जुन्या लोकांनीच ही पळवाट काढून ठेवली.

डीलिया मठाच्या पडक्या भिंतीला टेकून बघत होती. घरी बैठकीच्या खोलीत तिच्या नवऱ्याची, कोलमनची, शवपेटी उघडी ठेवली होती आणि अर्धं गाव चहा आणि सँडविचं घेऊन पेटीभोवती बसलं होतं. मॅलकी हा तिचा धाकटा दीर. काल इंग्लंडहून आला आणि दारात पाय ठेवल्यापासून यजमान होऊन बसला. सगळी उमर कॉव्हेंट्रीत इमारतींच्या कामावर गेली, तरी टार्पी घराण्याचं काही निघालं की पहिला शब्द याचा.

"कबर खणणाऱ्या पॉडीला सांगून ठेव," ती म्हणाली. "उद्या दोन पेट्या बसतील इतकं खोल खणायचं."

"एकीपुरतंच खणू दे."

"का?"

"खाली खडक लागतो."

डीलियाला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"डावीकडे तुझे आईबाप एकावर एक झोपलेत. तिथे नाही लागला खडक. आणि हातभर उजवीकडे लागतो?"

"असतो एखाद्या ठिकाणी."

"तुला कुणी सांगितलं? तू इथे शेवटचं फावडं धरलंस ते आई गेली तेव्हा. तेही चार माणसं बघत होती म्हणून."

मॅलकीने टोपी काढून आतल्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि परत घातली.

मठाचं छप्पर जाऊन कित्येक पिढ्या झाल्या होत्या. साधू गेले, घंटा गेली, पूर्वेच्या मोठ्या खिडकीत आता नुसतं आभाळ आणि कावळे. पण गावातल्या थोड्या जुन्या घराण्यांचा आत पुरायचा हक्क तेवढा शाबूत राहिला. नवी कबर कुणाला मिळत नाही, असलेल्या जागेत माणसं मावतील तोवर मावतील. इथे जागा असणं म्हणजे काय, हे गावात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. पैसेवाले दुकानदार रस्त्याकडेच्या नव्या दफनभूमीत जातात, गुळगुळीत संगमरवराखाली, आणि मेल्यावरसुद्धा उपरेच राहतात. टार्पींचा तुकडा खिडकीखालचा, सगळ्यांत मानाचा. त्यातली उजवी बाजू तेवढी शिल्लक होती. खोल खणली तर नवराबायको दोघांची सोय, उथळ खणली तर एकाची.

"सरळ बोल ना," डीलिया म्हणाली. "वरची जागा तुला हवीय."

"मला नकोय. बायकोशेजारी, मॉरीनशेजारी, घेऊन ठेवलीय मी तिकडे कॉव्हेंट्रीत."

"मग मला बाहेर ठेवायचंय. तुझ्या आईची भाषा आहे ही. परगावची पोर, टार्पींच्यात कशाला? त्याच बाईचं हगणंमुतणं सात वर्षं काढलं मी. तू नाताळला कार्डं पाठवत होतास."

"डीलिया, तसं नाही गं."

"मग कसं ते सांग."

भिंतीपलीकडे कुणाची तरी गाय गवत ओरबाडत होती.

"बरं," ती म्हणाली. "पॉडीला मीच सांगते. छातीइतकं खण म्हणते. खडक लागला तर मला हाक मार, मी बघायला येते."

ती वळली तसा त्याने तिची बाही धरली.

"नको. पेटी लागेल."

"कुणाची?"

त्याने फावडं जमिनीत रोवलं आणि दोन्ही हात त्याच्या दांड्यावर ठेवले.

"लहान आहे," तो म्हणाला.

डीलियाचं लक्ष आपसूक उत्तरेच्या भिंतीकडे गेलं. त्या भिंतीपलीकडे, काटेरी झुडपाखाली, बाप्तिस्मा न होता गेलेली पोरं पुरलेली होती. नावं नाहीत, क्रूस नाहीत, शेतातून आणून ठेवलेले नुसते दगड. तिचं पहिलं आणि शेवटचं मूल मेलेलंच जन्मलं. मुलगा आहे एवढंच तिला सांगितलं, दाखवलं नाही. ती अंथरुणात असताना कोलमन खोका काखेत घेऊन गेला आणि चिखलाचे बूट घेऊन परत आला. वर्षभराने, फार पाठीस लागली तेव्हा, त्याने तिला इथे आणून एक दगड दाखवला.

त्या दगडाला ती दर उन्हाळ्यात चुन्याचा हात देत आली. कबरींना आशीर्वाद द्यायच्या रविवारी फादर आत प्रार्थना म्हणायचे, सगळे टार्पी खिडकीखाली उभे असायचे, आणि ती एकटी भिंतीपलीकडे गुडघे टेकून बसायची. सासू म्हणायची, तमाशा करते. चुना कोलमन कालवून द्यायचा. बादलीही तोच उचलून आणायचा, आणि तिचं होईपर्यंत हातात टोपी घेऊन मागे उभा राहायचा. या एका गोष्टीसाठी तिने त्याचं बरंच काही पोटात घातलं होतं.

"खरं बोलतोयस?"

"आमच्या बापाला पुरून तेव्हा पंधरवडाच झालेला. आजूबाजूची माती तुडवलेलीच होती, कुणाला कळलं नाही. आई म्हणाली होती, बाप्तिस्मा नसलेलं पोर आमच्या माणसांत येता कामा नये. फादरही तेच म्हणाले. कोलमनने दोघांना हो म्हटलं आणि स्वतःच्या जागेत नेऊन ठेवलं. तुला सांगितलं असतं तर तू इथेच येऊन रडली असतीस. आईला कळलं असतं."

"आईला जाऊन तीस वर्षं झाली."

"हो."

"त्यानंतरची तीस वर्षंही तो माझ्यासाठी चुना कालवत होता."

मॅलकीने मान खाली घातली. "मी म्हटलं त्याला, तिला सांग. तो म्हणाला, आता कुठल्या तोंडाने सांगू."

"तुला कधी सांगितलं?"

"महिना झाला. इस्पितळातून फोन केला होता. म्हणाला, जास्त खोल खणू देऊ नकोस. मला त्याच्या वर ठेवा."

महिन्यापूर्वी डीलिया रोज त्या इस्पितळात होती. सकाळच्या बसने जायची, संध्याकाळच्या बसने यायची. त्याला चमच्याने सूप भरवायची. फोन करायचाय म्हणाला तेव्हा नंबर तिनेच लावून दिला होता, आणि भावाभावांना बोलू दे म्हणून दार ओढून घेऊन बाहेर जाऊन उभी राहिली होती.

डीलिया पुढे आली, मॅलकीने कापलेली ढेप दोन्ही हातांनी उचलली, मातीची बाजू खाली करून होती तिथे बसवली आणि वरून तळव्यांनी दाबत राहिली. कडा जुळेपर्यंत दाबत राहिली.

"काय करतेस तू?"

"अजून उजेड आहे. नव्या दफनभूमीत जा आणि तिथे ढेप काप. पॉडीला सांग, उद्या तिथे खणायचं."

"कोलमनला? तिथे?" मॅलकीचा आवाज फुटला. "तीनशे वर्षांत एक टार्पी या भिंतींच्या बाहेर गेला नाही, डीलिया. पोराच्या वर झोपायचं म्हणून तो... शेवटचं एवढंच मागितलं त्याने."

"तुझ्याकडे मागितलं."

"आणि ही जागा?"

"ही एकीपुरतीच आहे. तूच म्हणालास."

तो फावडं हातात घेऊन तसाच उभा राहिला. खाली घरी माणसं जमली होती, आता माळ घेऊन प्रार्थनेला बसायची वेळ होत आली होती.

"लोक विचारतील, डीलिया. सगळं गाव विचारेल. मी काय सांगू त्यांना?"

डीलिया गुडघ्यांवरची माती न झटकता तिथेच, त्या ढेपेशेजारी, गवतात बसली.

"सांग ना," ती म्हणाली. "खाली खडक लागतो."