विल्फचा उशिराचा ठोका

मी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. माझा डाव्या हाताचा ठोका केसभर उशिरा पडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा आता चुकला, आणि तेवढ्यात तो पडतो. त्या ठोक्यानं मला नाव दिलं. इथल्या इंग्लंडातल्या काय, अमेरिकेतल्या पोरांनीही तो उचलला. पण तो माझा नव्हता.

तो विल्फ पार्जिटरचा. आमच्या डडली गावच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. उरलेल्या बोटांत काठी धरून तो वाजवायचा, म्हणून हात जरा मागे राहायचा. आम्ही एकाच गल्लीतले. त्याच्याकडे बघत बघतच मी शिकलो. तेव्हा या बँडमध्ये ड्रमवर तोच होता. सहासष्ट साली रेकॉर्ड कंपनीचा माणूस म्हणाला, "गाणी झकास आहेत, पण हा लंगडा ठेका नको." बँडनं विल्फला काढलं, मला बोलावलं. मी गेलो. त्याला तोंडदेखलंसुद्धा भेटलो नाही.

दोन वर्षं सरळ वाजवलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका रेकॉर्डिंगला हात विल्फसारखा पडला आणि नेमकं तेच गाणं गाजलं.

"हा ठेका सुचला कसा?" मुलाखतीत विचारायचे.

"सुचला बुवा," मी म्हणायचो.

अकरा वर्षं हेच सांगितलं. शेवटी एका रविवारी दुपारी विल्फच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याच्या बायकोनं, हिल्डानं, दार उघडलं.

"विल्फ, मोठी माणसं आलीत! चहा टाकू की गालिचा अंथरू?"

विल्फ परसात कांद्याच्या वाफ्यातलं तण काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"विल्फ, तो ठोका तुझा आहे."

"माहितीये. रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हिल्डाला म्हणालो, अगं, हा तर मीच! मग आठवलं, माझं कुणी रेकॉर्डिंगच केलं नाही."

"मी काय करू, सांग."

"मला काय विचारतोस? खोटं जगाला सांगितलंस ना? मग खरंही जगालाच सांग."

पुढच्याच आठवड्यात रेडिओवर सांगितलं, नावगावासकट. निवेदक खळखळून हसला. "बघा मंडळी, एवढा मोठा कलाकार, आणि नम्रपणा किती!" पेपरांनी माझा नम्रपणा छापला. विल्फचं नाव एकानंही छापलं नाही.

मी पुन्हा डडलीला गेलो. या वेळी विल्फनंच दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही.

"लेन, आधी तू निदान चोर तरी होतास," तो म्हणाला. "आता संत झालास लेका." आणि दार लावून घेतलं.

पुढच्या कार्यक्रमात मी सरळच वाजवायचं ठरवलं. तीन गाणी तशी वाजवली. लोक चुळबुळायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "लेन, तुझा ठेका होऊ दे!"

चौथ्या गाण्याला हात मागे पडला. टाळ्या थांबेनात. मला मान वर करून लोकांकडे बघवलं नाही.