चोवीस लंगोटांचं रजिस्टर

ठमीची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर आला की त्या मापाची काच यंत्रावर धरायची, कडा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. ठमी झाल्यापासून दोन वर्षं ती घरीच होती. दुकानाच्या मालकिणीने तिची जागा राखून ठेवली होती, पण एक दिवस फोनवर स्पष्ट सांगून टाकलं, "एक तारखेला आलीस तर जागा तुझी. दोन तारखेला तिथे दुसरी कुणी बसलेली असेल. मला वाईट वाटेल हं, पण बसलेली असेल."

तेव्हा एक तारखेला पाच आठवडे होते. पाळणाघर दोन गल्ल्या सोडून होतं. तिथल्या ताईंची अट मालकिणीपेक्षा कडक होती.

"माझ्याकडे अठरा पोरं आणि हात चार. त्यातले दोन माझे, दोन मदतनीस बाईंचे. डायपर बदलायला पाचवा हात नाही. एक तारखेच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी तीन तास आणून बसवा. कोरडी राहिली तर घेते."

"आणि नाही राहिली तर?"

"मग तीन महिन्यांनी या. तोवर शिकेल. न शिकलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही."

जाता जाता ताईंनी एक सल्लाही दिला. डायपर बंद करा, कापडी लंगोट बांधा. डायपरमध्ये पोरांना ओलं झाल्याचं कळतच नाही. अंगाला गार लागलं की पोर आपणहून सांगायला लागतं.

आईने दोन जुन्या सुती चादरी फाडून चोवीस लंगोट शिवले. इथवर सगळं इतर घरांसारखंच होतं. पुढे मामला ठमीच्या आजोबांकडे गेला.

आजोबा बस डेपोत एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्यांच्या सहीशिवाय डेपोतला एक नट हलला नाही, असं ते सांगत. डेपोतले मेकॅनिक सांगत की नट हलायचे, सही मागाहून घ्यायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत त्यांनी घरातले चमचे तीनदा मोजले होते आणि तिन्ही वेळा एक कमी भरला होता. चादरी फाटल्याचा आवाज ऐकून ते खोलीतून बाहेर आले, लंगोटांची चवड पाहिली आणि चार वर्षांत प्रथमच चहा न मागता खुर्चीवर बसले.

"नंबर टाकले का?"

"लंगोटांना कसले नंबर, बाबा?"

"मग कळणार कसं, कुठला किती वेळा गेला ते?"

न पुसल्या जाणाऱ्या शाईने प्रत्येक लंगोटाच्या कोपऱ्यात आकडा आला, एक ते चोवीस. गॅलरीच्या दाराशी टेबल लागलं. टेबलावर जाड पुठ्ठ्याचं एक कोरं रजिस्टर आलं. डेपोतून नोंदीशिवाय बाहेर पडलेली ही एकच वस्तू आणि ती आजोबांनीच आणलेली, म्हणून तिच्याविषयी घरात कुणी बोलत नसे. त्यात रकाने आखले गेले: तारीख, नग क्रमांक, दिल्याची वेळ, परत आल्याची वेळ, शेरा. शेऱ्यात तीनच शब्द चालत. ओला, जास्त ओला आणि इतर. इतर म्हणजे काय, ते वासावरून कळायचंच.

ठमीचा बाबा सिमेंटचा मिक्सर चालवायचा. संध्याकाळी आला की बूट काढता काढता विचारायचा, "आज किती नग?"

पहिल्या आठवड्यात रोज अकरा होते. दुसऱ्या आठवड्यात नवांवर आले. आईने कॅलेंडरकडे पाहून मनातल्या मनात वजाबाकी केली. याच वेगाने उतरले तर शुक्रवारपर्यंत दोनतीनवर येतील. तिने दुकानात घालायचा कोट ट्रंकेतून काढून उन्हात टाकला.

त्या शनिवारी आजोबांना रजिस्टरात एक खोट सापडली. माल दिला जात होता, परत येत होता, पण घेणाराची पोच कुठेच नव्हती. पोच नसलेलं रजिस्टर तपासणीला उभं राहत नाही. कोण तपासायला येणार होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी सहावा रकाना आखला, जांभळ्या शाईचा स्टॅम्प पॅड आणला आणि ठमीचा ओला लंगोट सुटला की तिचा अंगठा पॅडवर दाबून रकान्यात उमटवायला सुरुवात केली.

"शाब्बास! आला अंगठा! पाहिलास केवढा?"

ठमीने पाहिला. मग आपला अंगठा पाहिला. मग पुन्हा कागद पाहिला. असं काही जगात असतं, याची तिला आजवर कल्पना नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात आकडा बारावर गेला. मग तेरा. मंगळवारी पंधरा. दोरीवर जागा उरली नाही, लंगोट खुर्च्यांच्या पाठींवर वाळायला लागले. आईने संध्याकाळचं दूध कमी केलं. फरशीचा गारवा बाधत असेल म्हणून पायमोजे घातले. आकडा पंधरावरच.

"पाणीपुरवठा खात्याला कळवू या का?" ठमीचा बाबा म्हणाला.

"तुला चेष्टा सुचते. माझी जागा जाईल."

"अगं, एवढ्यावर कुणाची जागा जाते का?"

"एवढ्यावरच जाते," ती म्हणाली. कोट अजून गॅलरीत होता. तिने तो काढून घडी घातली आणि ट्रंकेत टाकला.

गुरुवारी दुपारी ती टेबलापासून चार हातांवर बसून फाटलेला अकरा नंबर शिवत होती. ठमी पॉटीच्या भांड्यावर दहा मिनिटं बसून कोरडीच उठली, लंगोट बांधून घेतला. मग तिने जे केलं ते आईने सुई थांबवून पाहिलं. ठमी चालत टेबलाशी गेली. टाचा उंचावून रजिस्टर उघडं आहे का ते पाहिलं. पॅडचं झाकण निघालेलं आहे याची खात्री केली. पाय फाकवून उभी राहिली, नाक जरा आक्रसलं, लंगोट ओला केला आणि अंगठा पुढे धरला.

"आबा, पोच."

आजोबा घड्याळ पाहून वेळ लिहीत होते.

"बाबा," आई हळूच म्हणाली, "ती तुमच्या रजिस्टरासाठी करतेय."

"काय करतेय?"

"शू. अंगठा मिळावा म्हणून. भांड्यात केली तर तुम्ही काही लिहीत नाही. लंगोटात केली की शाब्बास, केवढा अंगठा."

आजोबांनी पेन टेबलावर ठेवलं. आवाज मुद्दाम केलेला होता.

"सूनबाई, रजिस्टर माल तयार करत नसतं. जो गेला त्याची नोंद करतं. एकतीस वर्षं..."

"एकतीस वर्षांत डेपोत नट मागायला कुणी दोन वर्षांचं आलं होतं का?"

"न गेलेल्या मालाची नोंद मी कुठे करू? हवेत?"

"मला काय विचारता? मला फक्त शुक्रवार दिसतो. अजून पंधरा दिवस आहेत."

आजोबांनी रजिस्टर मिटलं, बगलेत मारलं, पॅड खिशात घातला आणि खोलीचं दार लावून घेतलं. टेबल रिकामं पाहून ठमीने हंबरडा फोडला आणि तिथल्या तिथे, टेबलाच्या पायाशी, तासाभरात तीन लंगोट ओले केले. एकाचीही नोंद झाली नाही. दाराआड आजोबांना हे सगळं ऐकू येत होतं. तीन नग हिशोबाबाहेर गेल्याचं त्या दिवशी त्यांच्या जेवणावर दिसलं. एक पोळी कमी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल पुन्हा लागलेलं होतं. आजोबांनी रजिस्टरात मधलं एक पान सोडून नवीन पान आखलं होतं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'भांड्यात जमा'. लंगोटांचे रकाने नव्हते. ठमीच्या आईने पान वाचलं आणि नुसतं भांडं धुऊन ठेवलं. शहाणी बाई. या वेळी आभार मानले असते तर त्यांनी पुन्हा पहिलं पान उघडलं असतं.

साडेनऊला ठमी टेबलाशी आली, उभी राहिली, लंगोट ओला केला, अंगठा पुढे केला.

"नाही," आजोबा म्हणाले. "भांड्यातला माल दाखव."

लंगोट नोंदीशिवाय बादलीत गेला. बादलीकडे जाताना आजोबांची नजर त्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली, ती त्यांनी ओढून परत आणली. दुपारी, बहुधा चुकून, ठमीचं भांड्यात झालं. आजोबा भांड्याजवळ पॅड घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत चुका दोन झाल्या. रविवारी पाच. पुढच्या बुधवारी दोरीवर फक्त चार लंगोट होते आणि शेजारच्या गॅलरीतल्या बाईने विचारलं, "पोर गावाला गेली का हो?"

पाळणाघराचा शुक्रवार आला. आई बाकावर बाहेर बसली. रजिस्टर न्यायचं नाही, असं तिने आजोबांना बजावलं होतं. तीन तासांनी ताई ठमीला घेऊन बाहेर आल्या.

"कोरडी आहे. घेते मी. फक्त एक, दोनदा भांड्यावर बसवली तर काही केलं नाही. इकडे तिकडे बघत राहिली. काही तरी शोधत होती."

ती काय शोधत होती ते आईला माहीत होतं. तिने ठमीच्या पायात चपला घातल्या. एक तारीख सोमवारी होती.

घरी यायला एरवी दहा मिनिटं लागत. ठमी गुडघ्याला गुडघा लावून चालत होती, म्हणून वीस लागली. दारातून ती सरळ भांड्यावर गेली. बराच वेळ आवाज येत राहिला. मग तिने अंगठा वर केला. आजोबांनी वेळ लिहिली आणि मान वर न करता म्हणाले, "तिथे?"

"निरंक," आई म्हणाली. आजोबांच्याच खात्यातला शब्द होता. "तीन तास धरून ठेवलं, बाबा. पोच द्यायला कुणी नव्हतं ना. सोमवारपासून आठ तास आहेत. आठ तास कोण धरेल?"

"मी जाऊन बसतो तिथे."

"तिथे तीन वर्षांपर्यंतचीच घेतात."

आजोबा हसले नाहीत. पुढचे दोन दिवस ते टेबलाशी बसून कसली तरी यादी करत होते. विचारलं तर पानावर हात ठेवायचे.

सोमवारी पाळणाघराच्या फाटकात ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. काखेत रजिस्टर, हातात पिशवी. ताई ठमीला आत घ्यायला आल्या, तसा त्यांनी कागद पुढे केला.

"चार्ज देतोय. रजिस्टर एक. स्टॅम्प पॅड एक, निम्मा वापरलेला. लंगोट तेवीस. सतरा नंबरच्या लंगोटाची रवानगी फरशी पुसायला झाली, त्याचा शेरा खाली आहे."

"आजोबा, मी पोरं सांभाळते, डेपो नाही."

"फार फरक नाही. भांड्यात झालं की अंगठा, बाहेर झालं तर काही नाही. एवढंच पाळा. इथे सही करा. वेळ घाला."

ताईंनी ठमीच्या आईकडे पाहिलं. ती दुकानाचा कोट अंगावर घालून उभी होती आणि घड्याळ पाहत होती. तिचा चेहरा पाहून ताईंनी सही केली. वेळही घातली. आजोबांनी सहीवर फुंकर मारली, कागदाची घडी खिशात ठेवली आणि घराच्या उलट्या दिशेला चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, ते वळले.

अकरा वाजता दुकानात यंत्राशेजारी फोन वाजला. आईने चिमट्यातली काच खाली ठेवली, हात पुसले. ताईंनी पानाचा फोटो पाठवला होता. १०.४०. जांभळा अंगठा, जरा तिरका. शेऱ्यात ताईंच्या अक्षरात 'शू'.

तिने तो आजोबांना पाठवला आणि काच पुन्हा धरली. उत्तर यायला तीन मिनिटं लागली.

'रकान्याबाहेर गेलाय. शिवाय नोंद करणाराची सही नाही. उद्यापासून घ्यायला सांग.'