काळ्या दगडाचं भगदाड

"त्या मशीनीक माझ्या गडग्याक हात लावूक सांग, मगे बगतंय तुका!" हातातल्या कोयत्यासकट यशोदा हद्दीच्या दगडी गडग्यावर चढली होती.

गडग्याच्या पलीकडे तिचा चुलत दीर धोंडू कमरेवर हात ठेवून उभा होता आणि त्याच्यामागे दगड फोडायचा ब्रेकर घुरघुरत होता. वाटण्या झाल्यापासून दोन घरांत संबंध उरला होता तो फक्त भांडणाचा, आणि तो मात्र दोघांनी नेमाने सांभाळला होता. यशोदेचा नवरा बाबू पहिला आवाज चढला तेव्हाच गोठ्यात पसार झाला होता. भांडण लागलं की तो म्हशीच्या गोचड्या काढत बसे.

"वयनी, दगड माझ्या हद्दीत आसा," धोंडू म्हणाला. "माका घराच्या पायाक चार दगड होये. तुका कित्याक मिरची लागता?"

तो दगड म्हणजे काळ्या कातळाचा एक लांब पट्टा. आजूबाजूला सगळा तांबडा जांभा, आणि त्यातच हा काळा पट्टा डोंगराच्या उतारावर आडवा, कुणी गवंड्याने बांधल्यासारखा सरळ गेलेला. पट्ट्याच्या वर यशोदेची बाव, म्हणजे विहीर, आणि खाली धोंडूची. यशोदेच्या बावीत शिमगा उलटला तरी पाणी असायचं. तिचं उन्हाळ्यातलं वायंगणी भात, भाजी, म्हशी, सगळं त्या बावीवर. धोंडूची बाव माघातच तळ दाखवायची.

असं का, ते यशोदेला तिच्या लेकीने सांगितलं होतं. भार्गवी कुडाळात कॉलेजला जायची, भूगर्भशास्त्र शिकायची. एकदा हातोडीने त्या कातळाचा तुकडा काढून ती चुलीपाशी येऊन बसली होती.

"आये, हे आगीतसून झालेले दगड. जमनीच्या पोटात वितळलेलो रस आसता. तो भायर येवन बेगीन थंड झालो तर दाणे इतके बारीक की डोळ्याक दिसनत नाय. तो बेसाल्ट, सगळो घाट तेचोच. आणि खोल पोटात सावकाश थंड झालो तर दाणे मोठे, रंग बहुतेक फिको. तो ग्रॅनाइट."

"म्हंजे खडीसाखरेसारखा. पाक सावकाश निवलो तर खडे मोठे."

"तसाच. आपलो दगड मदलो. रस फटीत शिरलो नि थंयच गोठलो, म्हणान भितीसारखो उभो. दाणे ना मोठे, ना बारीक. डोलेराइट म्हणतत तेका. जांभो पाणी पिता, ह्यो पिणा नाय. डोंगराचा पाणी ह्या भितीक आडता नि आपल्या बावीत रवता."

हे पोटात ठेवायचं होतं. पण भांडणात यशोदेच्या पोटात काही राहिलं तर ती यशोदा कसली? धोंडूने मिरचीचं नाव काढलं आणि तिचा तोल गेला.

"अरे मेल्या, तुझ्या बावीक जल्मात पाणी येवचा नाय! ह्यो दगड पाणी आडयता, माझ्यासाटी! इचार माझ्या चेडवाक, शिकलेला आसा ता!"

बोलून झालं आणि तिने जीभ चावली. धोंडू कातळाकडे बघत होता, मग वर तिच्या बावीकडे, मग परत कातळाकडे.

दुसऱ्या दिवशी त्याने कातळापुढे नारळ ठेवला आणि जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायला वाडीतलं कोणी आलं नाही, म्हणून ब्रेकरवाल्या परप्रांतीयाकडूनच त्याने ते म्हणवून घेतलं. मग पायाचे दगड बाजूला राहिले आणि त्याने बरोब्बर यशोदेच्या बावीच्या समोर, पट्ट्याच्या आरपार भगदाड पाडलं. पाणी खळाळून आलं. धोंडूची बाव तुडुंब भरली आणि त्याने वाडीभर पेढे वाटले, यशोदेचं घर सोडून.

पेढे पचेपर्यंत पाणी गेलं. धोंडूची जमीन सगळी भुसभुशीत, तिच्यात पाणी ठरेना. यशोदेच्या बावीतला झरा जिवंत होता, पण उभा राहायला त्याला भिंतच उरली नव्हती. दोन्ही बावी कोरड्या पडल्या. वायंगणी भात पिवळं झालं, तेव्हा यशोदा शेतात बसून ढसाढसा रडली.

"भगदाड सिमेटान बुजयला तर पाणी परत रवतला," भार्गवी म्हणाली. "पण ता काकाच्या हद्दीत आसा."

यशोदेने राग गिळला, डोक्यावर पदर घेतला आणि धोंडूच्या खळ्यात गेली. "धोंडू, बुजय ता. माझी बाव भरली की तुका पायपान पाणी देतंय. देवाशपत."

रागात सांगितलेलं धोंडूने लगेच खरं मानलं होतं. हे ऐकून तो खदखदा हसला. "फसयतंस माका? बुजयलंय की पाणी तुझा, नि मी बसान बोंबलत! भायर पड!" आणि तिच्या देखत पचकन थुंकला.

यशोदा घरी आली ती जळत आली. तिसऱ्या दिवशी ती खालच्या अंगाला, व्हाळाकाठच्या आपल्या कुणग्यात, त्या चिमुकल्या शेतात गेली. भगदाडातून झिरपलेलं पाणी धोंडूच्या जमिनीखालून तिथेच पाझरत होतं. तिने तिथे लाल भाजी पेरली. भाजी तरारली तेव्हा धोंडूची बायको शर्मिलाला वाटेने जाताना बघून यशोदा मोठ्याने म्हणाली, "धोंडूचे उपकार झाले गो बाय! भगदाड पाडून माझो कुणगो भिजयल्यान. तेका सांग, ता बुजवक नको हां! बुजयलान तर माझो सत्यानाश होतलो!"

सत्यानाशाचं कानावर पडताच धोंडू बावीचं विसरला आणि सांजेपर्यंत त्याने सिमेंटच्या गोणी आणल्या. सळया घालून, खडी ओतून त्याने भगदाड असं बुजवलं की डोंगर हलेल पण ते हलायचं नाही. यशोदा गडग्यावर उभी राहून ऊर बडवत होती. वाडीतल्या बायकांनाही तिची दया आली.

पाऊस आला आणि गेला. माघात यशोदेची बाव काठोकाठ होती. खालून शर्मिला डोक्यावर कळशी घेऊन वाडीच्या बावीवर चालली होती. यशोदेला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

"आये, आता तरी सांग काकाक," भार्गवी म्हणाली. "पायपान पाणी देवया."

"गप रव! माझ्या बावीचा सुख तेका कळला तर उद्या हंय ब्रेकर येतलो."

एवढं बोलून ती रोजच्यासारखी गडग्यावर चढली. "धोंड्या! मेल्या, माझो कुणगो सुकयलंस! उघड ता भगदाड!"

"मरासर उघडूचंय नाय!" खालून धोंडूचा तृप्त आवाज आला.

यशोदेने त्याला आणखी दोन शिव्या घातल्या आणि ती पाणी शेंदायला गेली.